केशोरीचा सातबारा आणि भाड्याचे सर्व्हर

अर्जुनी मोरगाव तालुक्यातील केशोरीसारख्या गावाचा जो सातबारा पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याच्या दप्तरात राहिला, तो १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीसह मिळू लागला, आणि कोणत्या कामास कोणते सर्व्हर-यंत्र हा प्रश्न महसुली अंमलातही शिरला. २००६ साली ॲमेझॉनने आभासी सर्व्हर भाड्याने देण्यास आरंभ केला तेव्हा प्रकार एकच होता, पावणेदोन गिगाबाइट स्मृतीचा, ताशी दहा सेंट भाड्याचा. पुढे गणनाप्रधान, स्मृतिप्रधान व संचयप्रधान अशा जाती निर्माण झाल्या, आणि २०१६ मध्ये ती सेवा मुंबईतही आली. माझ्या मते फेरफार-नोंदींच्या माहितीसंचास स्मृतिप्रधान यंत्र हवे. पीककर्जाच्या हंगामात उसळून एरवी मंद राहणाऱ्या उताऱ्यांच्या मागणीस मात्र अल्पभाड्याची, प्रसंगी संख्येने वाढविता येणारी यंत्रेच उचित होत. यास्तव यंत्र मुक्रर करण्यापूर्वी एका पूर्ण हंगामाची मागणी मोजावी, अशी अंमलदारांस आग्रहाची विनंती आहे.