डच व्याकरण व शब्दसंग्रह : इंग्रजी भाषिकांच्या दृष्टीने

डच ही इंडो-यूरोपीय भाषाकुलाच्या पश्चिम जर्मानिक शाखेतील भाषा. नेदर्लंड्स, बेल्जियमचा फ्लेमिश प्रदेश व सुरिनाम येथे ती राजभाषा आहे. इंग्रजी तिची निकटची भगिनी असल्याने इंग्रजी भाषिकांना ती सुलभ वाटते. तथापि तिच्या लेखी व्याकरणाने परकीयांची व खुद्द डच भाषिकांचीही दीर्घकाळ अडचण केली.

शब्दसंग्रह : उच्च जर्मनमधील व्यंजनबदल डचमध्ये झाला नाही. त्यामुळे ‘दहा’ या अर्थी जर्मनमध्ये ‘त्सेन’, तर डचमध्ये ‘टीन’ असा इंग्रजी ‘टेन’ला जवळचा शब्द आढळतो. व्यापार, नौकानयन व चित्रकला यांच्याद्वारे ‘स्किपर’, ‘यॉट’, ‘लँडस्केप’ इ. शब्द डचमधून इंग्रजीत गेले. मात्र सारखेपणा फसवाही ठरतो : डच ‘स्लिम’ म्हणजे चतुर, तर ‘वी’ म्हणजे कोण. डच सेवेतील इंग्रज सैनिक हेन्री हेक्सम याने १६४७-४८ मध्ये रॉटरडॅम येथे दोन भागांचा इंग्रजी-डच व डच-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. विल्यम स्यूएल (१६५३–१७२०) याचा कोश १६९१ मधील आहे.

व्याकरण : मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी येते, गौण वाक्यात मात्र ते शेवटी जाते. इंग्रजी भाषिकाला अवघड वाटणारी ही रचना मराठी वाचकास परिचित वाटेल. ‘एकवीस’प्रमाणे डचमध्येही एकक आधी व दशक नंतर येतो. नामांपूर्वी ‘द’ किंवा ‘हेट’ हे निश्चित उपपद लागते. पुल्लिंग व स्त्रीलिंग यांसाठी ‘द’, तर नपुंसकलिंगासाठी ‘हेट’ योजतात. लघुत्वदर्शक नामे नेहमी नपुंसकलिंगी असतात.

लेखी व्याकरणाचा प्रश्न : १५८४ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या एका साहित्यमंडळाने प्रसिद्ध केलेल्या पहिल्या मुद्रित डच व्याकरणात लॅटिनच्या धर्तीवर सहा विभक्ती मांडल्या होत्या. त्यामागे हेंड्रिक स्पीगल (१५४९–१६१२) याची प्रेरणा होती. उत्तरेकडील बोलीत पुल्लिंग-स्त्रीलिंगभेद व विभक्तिप्रत्यय लोपत गेले, तरी ग्रंथांनी ते जतन केले. १८६० नंतर रूढ झालेल्या द फ्रीस व ते विंकल यांच्या लेखनपद्धतीतही ते टिकले. परिणामी आपण उच्चारीत नसलेला प्रत्यय लिहिण्यासाठी विद्यार्थ्यास प्रत्येक नामाचे लिंग पाठ करावे लागे. रूलांट कॉलवाइन (१८५७–१९४२) याने १८९१ मध्ये याविरुद्ध चळवळ आरंभिली. बेल्जियममध्ये १९४६ व नेदर्लंड्समध्ये १९४७ साली हे प्रत्यय अधिकृत लेखनातून वगळण्यात आले. ‘डेन हाग’ (हेग) सारखी नावे व काही रूढ वाक्प्रयोग यांत त्यांचे अवशेष आढळतात.

१९८० च्या करारान्वये नेदर्लंड्स व बेल्जियम यांनी संयुक्त भाषासंघ स्थापिला; सुरिनाम २००४ मध्ये त्याच्याशी संलग्न झाले. आजच्या विद्यार्थ्यापुढे ‘द’ आणि ‘हेट’ यांची निवड एवढीच लिंगविषयक अडचण प्रामुख्याने उरली आहे. लिखित भाषा बोलीच्या जवळ आल्याचे ते फळ होय.