ट्रंपेट वाजवणाऱ्याचं नाव काय? – मुंबईच्या जॅझशी पहिली ओळख

आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला फोन करून विचारलं, ‘सर, तुम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलंत, मग हे जॅझ मध्येच कुठून आलं?’ उत्तर सोपं आहे. ते शेजारच्या घरातून आलं. सत्तरच्या दशकात आम्ही बोरीवलीत राहायला आलो, तेव्हा शेजारी एक गोवेकर गृहस्थ राहत. रोज संध्याकाळी तासभर ट्रंपेट वाजवत. एकदा मी त्यांना विचारलं, ‘हे वाजवणं ठीक आहे, पण तुम्ही नोकरी कुठे करता?’ ते नुसते हसले. पुढे कळलं, की ज्या हिंदी गाण्यांवर आमच्या पिढीनं जीव टाकला, त्यांतल्या कित्येक गाण्यांत त्यांचा ट्रंपेट होता. तबकडीवर मात्र त्यांचं नाव कुठेच नव्हतं. माझ्या त्या प्रश्नाची लाज मला अजून वाटते. आजचं व्याख्यान म्हणजे त्याचीच थोडी भरपाई समजा.

आधी मुळाकडे जाऊ. अमेरिकेच्या दक्षिणेला न्यू ऑर्लिन्स हे बंदर आहे. तिथल्या कृष्णवर्णीयांनी लष्करी बँडची पितळी वाद्यं हाती घेतली आणि लग्नाला, सणाला, अगदी अंत्ययात्रेलाही वाजवली. स्मशानाकडे जाताना संथ, गंभीर सूर आणि परतताना नाचाची लय. जॅझचा जन्म याच मिरवणुकांच्या शेजारी झाला. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडेही पितळी बँड इंग्रजांच्या पलटणींतून आला आणि थेट वरातीत शिरला. वाद्य लष्कराचं, पण वाजवणाऱ्यांनी ते रस्त्याचं केलं.

मुंबईत जॅझ आलं ते हॉटेलांतून. १९३५ साली लिऑन ॲबी हा आफ्रिकी-अमेरिकी व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पाठोपाठ कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. मायदेशी वर्णभेद सोसणारे हे कलावंत, आणि समोर नाचायला साहेब, संस्थानिक आणि श्रीमंत पारशी!

यांच्याकडून ती विद्या उचलली कुणी? मुख्यतः गोवेकरांनी. पोर्तुगीज गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत, व्हायोलिन शिकवत. हेतू प्रार्थनासंगीताचा होता. पण एकदा वाचायला शिकलेला माणूस काय वाचेल, हे शिकवणाऱ्याच्या हातात राहत नाही! ही मुलं पोटासाठी मुंबईत आली, धोबीतलावच्या परिसरात आपापल्या गावाच्या ‘कुडां’मध्ये, म्हणजे सामायिक बिऱ्हाडांत राहिली आणि रात्री हॉटेलांत वाजवू लागली. त्यांतलेच एक हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ, ऊर्फ चिक चॉकलेट. लोक त्यांना ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, संस्थानं गेली, वर दारूबंदी आली. हॉटेलांतलं काम आटलं. वाद्यवृंद वाढत होता तो सिनेमाच्या स्टुडिओत. तिथे यांना गाठले आपले सी. रामचंद्र. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला हा माणूस, आणि त्याच्या चालींना जॅझचा पेहराव चढला तो चिक चॉकलेटसारख्यांच्या संगतीत. भगवानदादांचा १९५१चा ‘अलबेला’ जरूर बघा. त्यात चिक चॉकलेट आपल्या वादकांसह पडद्यावरच दिसतात. असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आलं.

कारण स्टुडिओतली रीत वेगळी होती. संगीतकार चाल सांगायचा. ती पन्नास-साठ वादकांत वाटायची कशी, व्हायोलिननं काय करायचं, ट्रंपेटनं कुठे शिरायचं, हे कागदावर उतरवायचा तो ॲरेंजर. शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम सेबास्टियन डिसोझा करत. पण श्रेयनामावलीत ॲरेंजरचं नाव क्वचित, वादकाचं तर नाहीच.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी याच्या पलीकडे जायचा प्रयत्न केला. १९५८ साली त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजात मोठा वाद्यवृंद उभा करून राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणला. आज त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण ‘अमर अकबर अँथनी’तल्या गमतीच्या गाण्यामुळे. ते नाव तिथे आलं कारण लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे व्हायोलिनचे शिष्य होते. ती गुरुदक्षिणा होती. आपण मात्र ते गाणं विनोद म्हणून ऐकलं.

आता नवख्यानं हे ऐकायचं कसं? तीन गोष्टी सांगतो. पहिली, घाट. जॅझमध्ये आधी सगळे मिळून धून वाजवतात, मग एकेक जण त्याच आवर्तनांवर आपला विस्तार करतो आणि शेवटी पुन्हा धून. मुखड्यावर परत येणं आपल्याला शिकवायला नको. दुसरी, फरक. आपला षड्ज हलत नाही, तानपुरा तोच सूर धरून असतो. जॅझमध्ये पायाखालची स्वरसंगती सारखी बदलते आणि वादकाला त्या हलत्या जमिनीवर चालायचं असतं. तिसरी, ठेका. चार मात्रा मोजा. जॅझमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्या. फंकमध्ये, म्हणजे जेम्स ब्राऊनच्या संगीतात, सगळा भार पहिल्या मात्रेवर येतो. ती समच समजा! म्हणून फंक आपल्या माणसाला लवकर भिडतं.

१९७८ साली निरंजन झवेरी यांनी ‘जॅझ यात्रा’ सुरू केली. रंगभवनच्या उघड्या मंचावर सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक मुंबईकरांनी ऐकला.

पण सुरुवात करायला दक्षिण मुंबई गाठायला नको. इथून मंडपेश्वरकडे जा. खाली शैव लेणी, वर पोर्तुगीज चर्चचे भग्न अवशेष. जवळच आय. सी. कॉलनी, आणि खाडीपलीकडे गोराई. तिथले ईस्ट इंडियन लोक मराठीच बोलतात, त्यांच्या वळणाची. त्यांच्याकडे लग्नात बँड वाजवत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणायची चाल आहे. उंबर आपला, क्लॅरिनेट युरोपचं, बोली मराठी. यात परकं काय, सांगा बघू?

तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी विचारायचो, वस्तू कुणाची, घडवणाऱ्याची की मालकाची? संगीतापुरतं माझं उत्तर ठरलं आहे. ते वाजवणाऱ्याचं, आणि नीट ऐकणाऱ्याचं. पण नीट ऐकणाऱ्यानं वाजवणाऱ्याचं नाव विचारलं पाहिजे. पुढच्या वरातीत बँड दिसला, तर मिनिटभर थांबा आणि ट्रंपेटवाल्याला त्याचं नाव विचारा. मी माझ्या शेजाऱ्याला नोकरी विचारली होती. तुम्ही ती चूक करू नका.