दूरचा वर्ग आणि परतीचा प्रश्न

शाळेच्या चार भिंतींबाहेरचा जाणता मनुष्य वर्गात आणावयाचा, ही कल्पना आपल्या देशात नवी नव्हे. सोलापूर जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुले पडद्यावर परदेशी मुलांशी बोलू लागली, तेव्हा अनेकांना त्याचे नवल वाटले. पण त्या नवलामागे मोठा इतिहास आहे. १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले आणि त्या दशकाच्या अखेरीसच नभोवाणी केंद्रांवरून शाळांसाठी पाठ प्रक्षेपित होऊ लागले. तेव्हापासून आजतागायत जे जे साधन हाती आले, ते ते वर्गापर्यंत नेण्याची खटपट कोणी ना कोणी केलेली आहे.

हा इतिहास सामान्यतः साधनांच्या क्रमाने सांगितला जातो. आधी रेडिओ, मग दूरचित्रवाणी, त्यानंतर उपग्रह आणि शेवटी व्हिडिओ कॉन्फरन्सिंग. हा क्रम खोटा नाही. तथापि त्यात एक गोष्ट नजरेआड होते. शहरातील तज्ज्ञाचा आवाज खेड्यातील वर्गापर्यंत नेण्याची सोय प्रत्येक पिढीने केली. त्या वर्गातील मुलाचा अथवा शिक्षकाचा प्रश्न उलट दिशेने तज्ज्ञापर्यंत कसा यावा, याचा विचार मात्र फार थोड्यांनी केला. ज्यांनी तो केला, त्यांचे प्रयोग टिकोत वा न टिकोत, शिकवून गेले.

यांतील पहिला महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्राच्या भूमीवर आणि मराठी भाषेत झाला, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नाही. १९५६ च्या प्रारंभी आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून तत्कालीन मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांचा एक उपक्रम सुरू केला. सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर या प्रयोगाच्या पाठीशी होते. सनदी सेवेतील हा अधिकारी हिंदीतील नामवंत नाटककारही होता. श्रोत्यांवाचून प्रयोग रंगत नाही, हे त्यांना कार्यालयाबाहेरही ठाऊक असले पाहिजे.

श्रोतृमंडळाची रीत साधी होती. सभासदांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावयाचा, तो संपल्यावर त्यावर चर्चा करावयाची आणि चर्चेतून निघालेले प्रश्न व शंका चिटणिसाने टिपून पुण्यास पाठवावयाच्या. त्या प्रश्नांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. मूळ कल्पना कॅनडाची. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळे रेडिओभोवती जमत होती. पुण्याच्या उपक्रमाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले व त्याची सूत्रे पॉल न्यूरथ या व्हिएन्नात जन्मलेल्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाकडे होती. त्यांनी श्रोतृमंडळाच्या गावांची तुलना अशा गावांशी केली, जेथे रेडिओ होता पण मंडळ नव्हते. निष्कर्ष स्पष्ट निघाला. मंडळांच्या गावांत माहितीची लक्षणीय वाढ झाली; नुसत्या रेडिओच्या गावांत ती नगण्य होती. केंद्र तेच, कार्यक्रमही तेच; भेद होता तो एकत्र बसून विचारण्याच्या सोयीचा.

ही मंडळे प्रौढांची होती, शाळकरी मुलांची नव्हेत, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु दूरच्या वर्गाला जी तीन अंगे लागतात, म्हणजे दूरचा तज्ज्ञ, जवळचा मार्गदर्शक आणि प्रश्न परत नेणारी वाट, ती तिन्ही येथे प्रथम एकत्र आली. वाट टपालाची होती आणि तिला दिवस लागत. पण ती होती.

याच सुमारास ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात निराळा मार्ग चोखाळला जात होता. १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज येथे ‘स्कूल ऑफ द एअर’ सुरू झाले. शेकडो मैल अंतरावरच्या पशुपालकांच्या वस्त्यांवर फिरत्या विमानी वैद्यकसेवेसाठी दुहेरी रेडिओयंत्रे आधीच बसविलेली होती. त्याच यंत्रांवरून मुलांना पाठ दिले जाऊ लागले. आरंभी पाठ एकतर्फीच होते व शेवटी प्रश्नोत्तरे होत. लवकरच सारा वर्ग दोन्ही बाजूंनी बोलू लागला. तेथे बोलण्याचे यंत्र घरोघर होते, कारण आजारपणात वैद्याला हाक मारावयाची होती. आपल्याकडील शाळेजवळ ऐकण्याचेच यंत्र होते, आणि तेही क्वचित.

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणी प्रायोगिक रूपात आली आणि १९६१ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने तेथील माध्यमिक शाळांसाठी नियमित पाठ सुरू झाले. प्रयोगशाळा अपुऱ्या असल्यामुळे विज्ञानाच्या पाठांवर भर होता, तो योग्यच होता. पण हा सारा व्याप एका शहराचा होता. खेड्याची पाळी आली ती १९७५ मध्ये.

त्या वर्षी १ ऑगस्ट रोजी सुरू झालेल्या ‘साइट’ या प्रयोगाची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. विक्रम साराभाई यांच्या दूरदृष्टीने १९६९ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेशी करार झाला. साराभाई १९७१ च्या अखेरीस निवर्तले. पुढे अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने यश पाल यांच्या नेतृत्वाखाली हे काम तडीस नेले. प्रयोगाच्या व्यवस्थापनाची धुरा कोल्हापुरात जन्मलेल्या एकनाथ वसंत चिटणीस यांनी वाहिली. अमेरिकेचा ‘ए. टी. एस.-६’ हा उपग्रह वर्षभरासाठी मिळाला आणि आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत त्यावरून थेट कार्यक्रम दिसू लागले. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी, चार भाषांत, सायंकाळी मोठ्यांसाठी. सुट्टीच्या काळात हजारो प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षणही याच मार्गाने झाले.

या योजनेतील तांत्रिक मर्म समजून घेतले पाहिजे, कारण पुढील तीस वर्षांचे कोडे त्यात आहे. या उपग्रहाला सुमारे नऊ मीटर व्यासाची, अवकाशात गेल्यावर छत्रीसारखी उघडणारी अँटेना होती. आकाशातील छत्री मोठी आणि प्रक्षेपण जोरकस, म्हणून जमिनीवर तारेच्या जाळीची, सुमारे तीन मीटरची, स्वस्त अँटेना पुरत असे. खर्च वर गेला म्हणून गाव स्वल्प खर्चात जोडले गेले. परंतु स्वस्त अँटेना केवळ घेऊ शकते, देऊ शकत नाही. छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहापर्यंत आवाज पोचवावयाचा तर गावात प्रक्षेपक हवा, त्याला भरवशाची वीज हवी, आणि तो चालविणारा माणूस हवा. गावाचे मौन कोणी ठरवून लादले नव्हते. स्वस्ताईच्या हिशेबातच ते अंतर्भूत होते.

गावकऱ्यांना काय वाटते, हे जाणण्याची इच्छा योजनाकारांना नव्हती असे मुळीच नाही. त्यांनी संशोधक गावोगाव पाठविले, काही तर महिनोन्‌महिने गावांत राहिले. शाळकरी मुलांच्या पाहणीत परीक्षेतील यशात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. भाषेची वाढ आणि नवे जाणण्याची ओढ मात्र वाढलेली आढळली. ज्या मुलाची जिज्ञासा चाळवली, त्याने ती कोणापुढे मांडावी, या प्रश्नाला उत्तर नव्हते. वर्गातील शिक्षकच काय तो आधार, आणि त्याला तर त्या पाठाची पूर्वसूचनाही पुरेशी मिळणे कठीण. ३१ जुलै १९७६ रोजी प्रयोग संपला व उपग्रह अमेरिकेकडे परत गेला.

त्यानंतर भारताचे स्वतःचे ‘इन्सॅट’ उपग्रह आले. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘देशव्यापी वर्ग’ दूरदर्शनवर सुरू केला. कार्यक्रम चांगले होते. पण ते बहुतांशी इंग्रजीत, आणि दिशा तीच, वरून खाली. विस्तार वाढला, संवाद वाढला नाही. याहून अधिक त्याविषयी लिहावयास नको.

खरे वळण आले ते १९९० नंतरच्या दशकात. चित्र एका दिशेने आणि आवाज दोन्ही दिशांनी, अशी मधली तडजोड निघाली. तज्ज्ञ स्टुडिओत बसून बोले. दूरच्या केंद्रावरील विद्यार्थी त्याला पाही व दूरध्वनीवरून किंवा छोट्या उपग्रह-केंद्रावरून प्रश्न विचारी. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने ‘इस्रो’च्या साहाय्याने ही पद्धत वापरून पाहिली. १९९६ च्या नोव्हेंबरात मध्य प्रदेशातील झाबुआ या आदिवासी जिल्ह्यात असाच प्रकल्प सुरू झाला. दीडशे गावांत कार्यक्रम पाहण्याचे संच आणि बारा विकासखंडांच्या ठाण्यांवर उलट बोलण्याची यंत्रे, अशी ती मांडणी होती. म्हणजे ऐकावयाचे असेल तर गावात, विचारावयाचे असेल तर ठाण्यास जा. तरीही वीस वर्षांपूर्वीच्या मानाने ही मोठीच मजल होय.

पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी ‘एज्युसॅट’ हा केवळ शिक्षणासाठी वाहिलेला, १,९५० किलोग्रॅम वजनाचा उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. त्याच्या आरंभीच्या प्रायोगिक टप्प्यासाठी निवडलेल्या तीन विद्यापीठांत नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ होते. या योजनेत केंद्रे दोन प्रकारची होती. काही केवळ पाहणारी, काही पाहणारी आणि बोलणारी. संपूर्ण दुहेरी चित्रसंवाद आता शक्य झाला होता. तरी प्राथमिक शाळांच्या वाट्याला बहुधा पहिला प्रकार आला. उपग्रहाचे आयुष्य २०१० मध्ये संपले. २०१३ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या योजनेवर ठपका ठेवला, तो जमिनीवरील जाळे, पाठांची निर्मिती आणि व्यवस्थापन यांच्या नियोजनाविषयी होता. सरकारी कारभाराची ज्याला ओळख आहे, त्याला यात आश्चर्य वाटणार नाही. उपग्रहाला उड्डाणाची तारीख असते, संचाला खरेदीचे लेखाशीर्ष असते, केंद्राला उद्‌घाटक मिळतो. पण सकाळी साडेदहाला संच सुरू करणारा, बॅटरी उतरली की तालुक्याला कळविणारा आणि पाठ संपल्यावर ‘कोणाला काही विचारावयाचे आहे काय?’ असे म्हणणारा जो माणूस, त्याच्यासाठी अंदाजपत्रकात सहसा ओळ नसते.

ती ओळ असली म्हणजे काय होते, हे पवईच्या आय. आय. टी. ने दाखविले. २००९ नंतर प्राध्यापक दीपक फाटक यांच्या पुढाकाराने अभियांत्रिकीच्या अध्यापकांसाठी देशव्यापी कार्यशाळा सुरू झाल्या. व्याख्यान पवईत, श्रोते देशभरातील महाविद्यालयांत स्थापिलेल्या दूरस्थ केंद्रांवर. अमृता विद्यापीठात तयार झालेल्या ‘ए-व्ह्यू’ या संगणकप्रणालीतून केंद्रांवरील अध्यापक पडद्यावर येऊन प्रश्न विचारीत. मुख्य कार्यशाळेच्या आधी प्रत्येक केंद्राच्या समन्वयकाला पवईत बोलावून तयार केले जाई. प्रात्यक्षिके तोच आपल्या केंद्रावर करवून घेई. योजनेतील हा भाग सर्वांत कमी चमकदार आणि सर्वांत मोलाचा होता. पुण्याच्या श्रोतृमंडळातील चिटणीस त्रेपन्न वर्षांनी येथे पुन्हा भेटतो.

आंतरजाल स्वस्त झाल्यावर सरकारी योजनेची वाट न पाहताही शाळा जोडता येऊ लागल्या. सुगत मित्र यांच्या प्रेरणेने ब्रिटनमधील स्वयंसेवक, त्यांत कित्येक निवृत्त शिक्षिका, २००९ पासून स्काइपवरून भारतीय मुलांशी गप्पा मारू लागले. पुढे त्या प्रयोगाचे एक केंद्र फलटण येथेही झाले. माढा तालुक्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आभासी सहलींतून मुलांना दूरदूरची स्थळे व माणसे दाखविली, आणि परस्परांशी वैर असलेल्या देशांतील विद्यार्थ्यांना एकमेकांशी बोलते केले. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला व त्याची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. येथे तज्ज्ञाचा शोध घेणारा वर्गातीलच शिक्षक होता. त्यामुळे मुलांनी काय विचारावे याची तयारी आधी होई आणि दूरचा पाहुणा नंतर येई.

पुरस्काराचे तेच वर्ष महासाथीचे होते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि देशातील वर्ग एकदम पडद्यावर गेला; म्हणजे ज्यांच्या घरी पडदा होता त्यांचा गेला. ज्यांच्या घरी एकच फोन आणि तोही बापाबरोबर कामावर जाणारा, त्यांना पुन्हा दूरचित्रवाणीचा व रेडिओचा आधार घ्यावा लागला. वर्गात एक पडदा आणि समोर चाळीस मुले ही व्यवस्था मोडून घरोघर एकेक मूल एकेका पडद्यापुढे बसले, तेव्हा जवळचा मार्गदर्शक नाहीसा झाला, आणि त्याची उणीव किती मोठी आहे हे पालकांनाही कळले.

केंद्र सरकारच्या ‘युडायस प्लस’ या शालेय माहितीसंकलनानुसार २०२३-२४ मध्ये देशातील ५३.९ टक्के शाळांत आंतरजाल होते. २०२४-२५ मध्ये ते प्रमाण ६३.५ टक्क्यांवर गेले. या जोडणीत ऐकणे आणि बोलणे यांना वेगवेगळा खर्च नाही. साइटच्या काळातील अडचण तंत्रापुरती तरी मिटली आहे. पण शेकडो शाळा एकाच वेळी जोडल्या की गोंगाट टाळण्यासाठी संचालक सर्वांचे आवाज बंद करतो आणि प्रश्न लिहून पाठविण्यास सांगतो. ते प्रश्न निवडून, काहींची उत्तरे शेवटच्या पाच मिनिटांत दिली जातात. पुण्यास टपालाने आलेल्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमात जागा राखून ठेवलेली असे.