ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा ताप
ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधील तेलामार्फत गिअरबॉक्सकडे जाते. घाटातील संथ वाहतुकीत किंवा जड ओझे ओढताना हे तेल तापते. साधारणतः ८० ते ९५ अंश सेल्सिअस तापमान योग्य. १२० अंशांपुढे तेल झपाट्याने खराब होते, क्लचप्लेट घसरतात आणि जळतात. अनेक गाड्यांत हे तेल रेडिएटरमध्येच थंड होते. भार नेहमीच अधिक असल्यास बाहेरून पूरक ऑइल कूलर बसवता येतो. रेडिएटरमधून निघालेले तेल या कूलरमधून गिअरबॉक्सकडे परतेल, अशी जोडणी करावी. थंड प्रदेशात थर्मोस्टॅटयुक्त कूलर घ्यावा. अतिथंड तेलही घातकच. मात्र जळलेले तेल कूलरने सुधारत नाही, ते आधी बदलावे. वॉरंटीच्या अटीही तपासून घ्याव्यात.