त्वचा निरोगी ठेवायची तर रोजच्या या सवयी लावा, आणि मेडिकलमधून परस्पर ट्यूब आणणं थांबवा

बेळगाव : पावसाळा सुरू झाला की आपल्या भागात छत्र्या बाहेर निघतात, तशी घराघरांत खाजही सुरू होते. खानापूरकडच्या भातशेतीत दिवसभर चिखलात उभं राहणाऱ्यांच्या पायांना चिखल्या होतात. उद्यमबागेतल्या कारखान्यांत घामाने भिजणाऱ्या कामगारांना जांघेत गजकर्ण होतं. एका पोराला खरूज झाली की काही आठवड्यांत सगळं घर खाजवत बसतं. यातला बराचसा त्रास साध्या सवयींनी टळतो. त्या सवयी आणि आपल्याकडची एक घातक सवय यांची ही माहिती.

आंघोळ कशी करावी

पाणी कोमट असावं, कढत नको. कढत पाण्याने अंगाला बरं वाटतं, पण त्वचेवरचा नैसर्गिक तेलाचा थर निघून जातो आणि थंडीत अंग आणखी फुटतं. पाच-दहा मिनिटांची आंघोळ पुरेशी आहे. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर नेहमीचा वडीचा साबण अल्कधर्मी. म्हणून साबण काख, जांघ, पाय अशा घामाच्या जागी लावा. हात-पाय-पाठ रोज खसाखसा घासायची गरज नाही. दगडाने किंवा काथ्याने अंग घासणं तर टाळाच.

आंघोळीनंतर अंग टॉवेलने टिपून घ्या आणि किंचित ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावा. त्यामुळे ओलावा आत टिकतो. काख, जांघ आणि बोटांच्या बेचक्या इथे मात्र तेल नको. तिथे कोरडेपणाच हवा.

ओल हाच खरा शत्रू

गजकर्ण, म्हणजेच नायटा, ही बुरशी आहे. ऊब आणि ओल मिळाली की ती वाढते. म्हणून :

- पायाच्या बोटांमधली जागा रोज नीट पुसून कोरडी करा. भिजलेले बूट-मोजे दुसऱ्या दिवशी तसेच चढवू नका.
- आतले कपडे सुती आणि सैल घाला, रोज बदला. पावसात अर्धवट वाळलेले कपडे घालण्यापेक्षा इस्त्री फिरवून घ्या. शिवणीच्या जागी जरा जास्त वेळ फिरवा.
- टॉवेल, पंचा, कंगवा, चादर प्रत्येकाची वेगळी ठेवा. घरात एकाला गजकर्ण असेल तर त्याचे कपडे वेगळे, गरम पाण्यात धुऊन उन्हात उलटे वाळत घाला.
- घरात दोघा-तिघांना असेल तर सगळ्यांचे उपचार एकाच वेळी व्हायला हवेत. नाहीतर एकाचं बरं होतं आणि दुसऱ्याकडून परत येतं.

शेतात आणि उन्हात

आपण ज्याला काँग्रेस गवत किंवा गाजर गवत म्हणतो, ते भारतात १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदवलं गेलं आणि आता प्रत्येक बांधावर आहे. काही जणांना त्याची ॲलर्जी होते : पापण्या, मान, कोपराची लवण इथे पुरळ उठतं, कातडी जाड आणि काळी पडते. हे गवत फुलं येण्याआधी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घालून उपटा. घरी आल्यावर हात-तोंड धुवा, कपडे बदला. सिमेंटचं काम करणाऱ्या गवंड्यांनीही हातमोजे वापरावेत. सिमेंटने हातांना इसब होऊ शकतो.

दुपारच्या उन्हात टोपी, पदर, पूर्ण बाह्या हा सर्वात स्वस्त उपाय. सनस्क्रीन लावणार असाल तर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त घ्या, बाहेर पडण्याआधी लावा आणि उन्हात असेपर्यंत दर दोन तासांनी परत लावा.

मोडायची सवय : परस्पर आणलेली ट्यूब

आता मुद्द्याचं. काही वर्षांपूर्वी मला कमरेला गजकर्ण झालं. मेडिकलमध्ये गेलो, ‘खाजेवर काहीतरी द्या’ म्हटलं. मिळालेल्या ट्यूबने तीन दिवसांत खाज गेली. महिन्याभरात गजकर्ण दुप्पट होऊन परत आलं. पुन्हा तीच ट्यूब. असं चार-पाच महिने चाललं. मधल्या काळात तीच ट्यूब पोरानेही वापरली आणि त्यालाही लागण झाली. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी ट्यूब बघायला मागितली आणि त्यावरचं एक नाव बोटाने दाखवलं : क्लोबेटासोल.

हे तीव्र स्टेरॉइड आहे. ते त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून लाली आणि खाज लगेच कमी होते. बुरशी मात्र आत वाढत राहते. गजकर्णाची गोल कडा पुसट होते आणि डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. जास्त दिवस वापरलं तर कातडी पातळ होते आणि जांघेत कायमचे चरे पडतात. गोरं होण्यासाठी अशी क्रीम चेहऱ्याला लावणाऱ्यांचा चेहरा लाल होतो, फोड येतात, लव वाढते.

ट्यूब घेताना बारीक अक्षरांतली नावं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये आणली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवीत. स्टेरॉइड वाईटच असं नाही. इसबासारख्या आजारांत डॉक्टर ते मोजून देतात. पण कोणती जागा, किती दिवस, हे त्यांनीच ठरवायचं. आधीच बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद करण्याआधी त्यांना विचारा.

आणि बुरशीचं औषध खाज थांबली म्हणून सोडू नका. सांगितलेले दिवस पूर्ण करा. मी कॉमर्सवाला माणूस, हिशेब मांडला : पाच महिन्यांच्या ट्यूबा आणि नंतर दोघांचे उपचार, यापेक्षा पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांची फी स्वस्त पडली असती.

डॉक्टरांकडे कधी जायचं

- खाज किंवा चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही तर.
- रात्री खाज वाढते आणि घरात इतरांनाही आहे : ही खरूज असू शकते, सगळ्या घराला औषध लागतं.
- फिकट किंवा लालसर चट्टा, ज्यावर स्पर्श कळत नाही : कुष्ठरोगाची तपासणी लगेच करा. सरकारी आरोग्य केंद्रांत औषध मोफत मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो. लपवण्यासारखं यात काही नाही.
- मधुमेह असेल आणि पायाला जखम, भेग किंवा चिखल्या असतील तर.
- तीळ अचानक वाढला, रंग बदलला किंवा त्यातून रक्त आलं तर.

दवाखान्यात भाषेची अडचण येते म्हणून आपले बरेच लोक मेडिकलवरच भागवतात. ती अडचण एवढी मोठी नाही. गजकर्ण हा शब्द कन्नडमध्येही चालतो, खाजेला ‘तुरिके’ म्हणतात. इंदूर-ग्वाल्हेरला ‘दाद’ म्हणा, वडोदऱ्यात ‘दादर’, हैदराबादला तेलुगूत ‘तामर’. आणि आधी वापरलेली ट्यूब खिशात घालून न्या. ती दाखवली की अर्धं काम होतं.