सहा चाकं, पाच टन आणि एक ब्रेक पेडल

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा आडवळणाचा आहे: जुन्या मोटरहोमचे ब्रेक. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर, किचन-बाथरूमसकट. अमेरिकेत १९७३ ते १९७८ या काळात जीएमसीने असं एक घर बनवलं. आजही हौशी लोक या गाड्या जिवापाड सांभाळतात. १९८१च्या 'स्ट्राइप्स' सिनेमातली चिलखती गाडी आठवते? ती मुळात हीच.

त्या काळी बहुतेक मोटरहोम ट्रकच्या चासीवर बांधायचे. जीएमसीने वेगळाच घाट घातला. ओल्डस्मोबिल टोरोनाडो या कारचं इंजिन आणि फ्रंट व्हील ड्राइव्ह उचलून पुढे बसवलं. मागे प्रत्येक बाजूला एकामागे एक अशी दोन चाकं आणि त्यांना एअर सस्पेन्शन. मागे जाणारा शाफ्टच नाही, त्यामुळे जमीन अगदी खाली आणि आत ऐसपैस जागा. ब्रेक मात्र पुढे डिस्क, मागच्या चारही चाकांना ड्रम.

आता थोडा इतिहास. ऑक्टोबर १९७३मध्ये तेलसंकट आलं आणि १९७४च्या सुरुवातीला अमेरिकेने देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लावली. ती पूर्णपणे उठली १९९५मध्ये. म्हणजे या गाड्यांचं तारुण्य जवळजवळ सगळं ५५च्या आत गेलं. आज तिथल्या हायवेवर ७० सर्रास चालतं. फरक किती? वेग २७ टक्के जास्त, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ६२ टक्के जास्त! पाच टनांची गाडी ५५वरून थांबवायला साधारण १५ लाख ज्यूल उष्णता ब्रेकमध्ये जिरवावी लागते. ७०वरून २४ लाखांच्या वर. आणि ३०० मीटरचा उतार फक्त ब्रेकवर उतरलात तर दीड कोटीच्या आसपास. घाटात गिअर खाली टाका असं ड्रायव्हर लोक का सांगतात, ते आलं ना लक्षात?

ड्रम तापला की फुगतो आणि शूपासून लांब जातो. पेडल खोल जातं. डिस्क उघडी असते, लवकर निवते. मग मागे पण डिस्क लावून टाकू, विषय संपला! इथेच खरी गंमत आहे.

ड्रममध्ये शू चाकाबरोबर ओढला जाऊन आपोआप जास्त घट्ट बसतो. डिस्कला ही फुकटची मदत नाही, तिला जास्त दाब लागतो. म्हणून मोठ्या पिस्टनचे कॅलिपर घ्या. पण त्यांना ब्रेक ऑइल जास्त लागतं, पेडल लांब जातं. म्हणून मास्टर सिलिंडर मोठा घ्या. पण १ इंचाचा सव्वा इंच नाही, नुसता १ पूर्णांक १/८ इंच केला तरी क्षेत्रफळ २७ टक्के वाढतं, आणि तेवढ्याच जोरात दाबलं तर दाब २१ टक्के घटतो. शिवाय ड्रमबरोबर हँडब्रेकही गेला, त्याची वेगळी सोय करा. एक मॉड्यूल बदललं की चार ठिकाणी कोड फुटतो, तसंच!

आणखी एक मेख. मागच्या दोन चाकांपैकी पुढचं चाक त्याच्या आर्मच्या बिजागरीच्या पुढे असतं, मागचं मागे. ब्रेक लावला की पहिलं चाक जमिनीत रुतू पाहतं आणि दुसरं उचलू पाहतं. हलकं झालेलं चाक आधी लॉक होतं. तिथे नुसती ताकद वाढवून काय उपयोग? म्हणूनच काही हौशींनी ब्रेकचा हा पीळ आर्मवर न जाता सरळ चासीवर जावा अशी जोडणी केली.

मग निवड कशी करायची? माझ्या मते आधी आहे ते मूळ अवस्थेत आणा. नवे रबरी होज, चांगले लायनर, ताजं ब्रेक ऑइल. डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २०५ अंश असतो. पाणी शोषल्यावर १४०पर्यंत उतरू शकतो. उकळलं की वाफ, आणि वाफ दाबली जाते; पेडल थेट तळाला. त्यानंतर पुढचे ब्रेक, कारण थांबताना वजन पुढे येतं. मागचे सगळ्यात शेवटी, आणि तेही मास्टर सिलिंडरचा हिशेब मांडून.

चकचकीत डिस्क दिसते, फोटोत छान येते. ऑइल आणि होज कुणाला दिसत नाहीत. पण मागे पोरं झोपलेली असताना उतारावर भरवसा त्यांच्यावरच असतो.

असो. पुढच्या वीकेंडला भेटूच.