सुटका : एका सांध्याचा इतिहास

आपल्याकडे बाळंतपणाला 'सुटका' म्हणतात. "अमक्याच्या सुनेची सुटका झाली का हो?" असे विचारले की समोरचा बरोबर समजतो. आणि कळा येऊनही मूल पुढे सरकत नसेल, तर ती बाई 'अडली'. अडणे आणि सुटणे. आपल्या आज्या-पणज्यांचे जगणे-मरणे या दोन शब्दांत मावत असे.

या शब्दांची आठवण व्हायला कारण झाली माझी भाची. गेल्या वर्षी तिला सातवा महिना लागला आणि तिचे चालणे बिघडले. फोंड्याला तिच्या घरी गेले तर ती पलंगाच्या कडेला हात टेकून बसलेली. "मावशी, कुशीवर वळले तरी पुढच्या हाडात कळ येते. जिना चढताना वाटतं, कोणीतरी मधून चिरतंय." माझी बहीण म्हणाली, "एवढं दुखतंय तर कशाला हाल करून घेतेस? सिझर करून मोकळी हो." सासूबाईंचे म्हणणे नेमके उलटे. त्यांच्या सासूची सगळी बाळंतपणे घरात, वैजिणीच्या हातून झाली होती. कोणी ब्लेड लावले नव्हते. आणि ज्या डॉक्टरांकडे नाव घातले होते, त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला : "दुखतंय ना? मग तारीख ठरवून टाकू."

भाची मला म्हणाली, "तू सारखी जुन्या गोष्टी खणत असतेस ना? मग सांग, हाड दुखतं म्हणून पोट कापायचं का?"

मी डॉक्टर नाही. पण प्रश्न मनातून जाईना. मग माझ्या सवयीप्रमाणे मी पुस्तकांत शिरले, आणि कळले की हा प्रश्न माझ्या भाचीचा एकटीचा नाही. त्याला निदान अडीचशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात फार थोड्या ठिकाणी कोणी त्या बाईला काही विचारले आहे.

ओटीपोटाची हाडे म्हणजे एक कडे. मागे ते माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला दोन बाजूंनी जुळते, आणि पुढे मधोमध दोन हाडे कूर्चेने जोडलेली असतात. मूल बाहेर येताना हा पुढचा सांधा उघडतो की नाही, यावर युरोपातल्या वैद्यांनी शतकानुशतके वाद घातला. 'उघडतो' हे ग्रीकांचे जुने मत होते. सोळाव्या शतकातला थोर शल्यवैद्य आंब्रोझ पारे आधी ते मानत नव्हता, आणि पुढे एका बाळंतिणीचे शव पाहून त्याने आपले मत बदलले.

सांधा आपोआप थोडा उघडतो, तर मग अडलेल्या बाईचा सांधा आपणच का कापू नये? हा विचार पॅरिसच्या झाँ-रने सिगो या विद्यार्थ्याने १७६८ मध्ये मांडला. तेव्हा त्याला कोणी दाद दिली नाही. ऑक्टोबर १७७७ मध्ये त्याला संधी मिळाली. मादाम सुशो नावाची एका सैनिकाची बायको. लहानपणी मुडदूस झाल्यामुळे उंची चार फुटांच्या आत, आणि ओटीपोटाचे कडे आक्रसलेले. आधीच्या चार बाळंतपणांतले एकही मूल हाती लागले नव्हते. सिगोने तिच्या पुढच्या सांध्याची कूर्चा कापली, हाडे फाकली आणि मूल जिवंत बाहेर आले. पॅरिसच्या वैद्यक विद्यापीठाने त्याच्या सन्मानार्थ पदक पाडले.

पदकावर मादाम सुशोच्या पुढच्या आयुष्याविषयी काही नव्हते. तिच्या मूत्राशयाला इजा होऊन लघवी कायमची झिरपत राहिली, आणि चाल पूर्ववत झाली नाही. मूल मिळाले हे खरे. चार मुले गमावलेल्या बाईला ते किती मोलाचे, हे मी कोण सांगणार? पण हिशेब मांडताना तिची बाजू कोणी लिहिली नाही, एवढे मात्र दिसते.

तेव्हा पोट का कापले नाही, असे वाटेल. कारण त्या काळी पोट कापणे म्हणजे बहुधा आईचा मृत्यू. गर्भाशयाची जखम शिवायची पद्धतच नव्हती. रक्तस्राव आणि पू यांत बाई जात असे. १८७६ च्या मे महिन्यात इटलीतल्या पाव्हिया गावी एदुआर्दो पोर्रो याने जुलिया काव्हालिनी नावाच्या, मुडदुसाने खुजी राहिलेल्या तरुणीचे पोट कापले, मूल काढले आणि मागोमाग गर्भाशयच काढून टाकले. मायलेकी दोघी जगल्या. गर्भाशय गमावून वाचणे, हीच तेव्हाची प्रगती. १८८२ मध्ये जर्मनीच्या मॅक्स झेंगरने गर्भाशय नीट शिवण्याची रीत दाखवली, आणि आज ज्याला आपण सहजपणे 'सिझर' म्हणतो त्याचा पाया पडला.

इथे आपल्या मराठी मुलुखाची एक आठवण सांगायलाच हवी. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या, आणि ते मूल दहा दिवसांत गेले. पुढे अमेरिकेत शिकून १८८६ मध्ये त्यांनी डॉक्टरची पदवी घेतली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र. स्वतःचे तान्हे गेलेली मुलगी, आणि अभ्यासाला निवडलेला हा विषय! यावर मी वेगळे काही लिहायची गरज नाही.

आता भाचीच्या दुखण्याकडे येते. हाडांचे दुखणे आणि अडणे यांचा खरोखरच संबंध होता असा एक काळ होता, आणि तो आपल्याच देशातला. कॅथलीन व्हॉन या इंग्रज डॉक्टरीणबाई विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसांत काश्मीरमध्ये काम करत होत्या. श्रीनगरच्या दाट वस्तीत पडद्यात राहणाऱ्या बायकांना गरोदरपणात कंबर, मांड्या आणि ओटीपोटाची हाडे असह्य दुखत. चाल बदकासारखी होई. दर बाळंतपणागणिक हाडे अधिक मऊ पडून वाकत, कडे चेपत जाई आणि शेवटी बाई अडे. त्याच शहरात नावांवर राहणाऱ्या हांजी बायका मात्र उघड्यावर राबत आणि सहज बाळंत होत. व्हॉनबाईंनी कारण सांगितले : ऊन. अंगाला ऊन न मिळाल्याने आणि खाणे अपुरे असल्याने हाडे मऊ पडत होती. पडदापद्धती आणि मातृत्व यावर त्यांनी १९२८ मध्ये पुस्तक लिहिले. त्याच सुमारास ड जीवनसत्त्वाचा शोध लागला होता, आणि माशाच्या तेलाने व उन्हाने हे दुखणे थोपवता येते हे सिद्ध झाले.

म्हणजे तेव्हा दुखणारे हाड ही धोक्याची घंटा असू शकत होती. रस्ता खरोखरच अरुंद होत होता.

पण दुसरे एक दुखणे आहे, आणि गोंधळ होतो तो इथे. १८७० मध्ये स्नेलिंग नावाच्या अमेरिकन डॉक्टराने गरोदरपणात ओटीपोटाचे सांधे सैल पडण्यावर निबंध लिहिला. हाडे मऊ नाहीत, वाकलेली नाहीत; फक्त सांध्यांची पकड ढिली झाल्यासारखी वाटते आणि चालताना, वळताना कळ येते. १९२६ मध्ये फ्रेडरिक हिसॉ याला गिनीपिगांत सांधे सैल करणारे एक संप्रेरक सापडले. गंमत म्हणजे बायकांत या संप्रेरकाचे प्रमाण आणि दुखणे यांचा मेळ पुढच्या अभ्यासांत नीट लागला नाही. आज असे मानतात की सांध्यांच्या दोन बाजू सारख्या न हलणे, स्नायूंवरचा भार, आधीचे दुखणे अशी अनेक कारणे एकत्र येतात. साधारण पाच गरोदर बायकांत एकीला हे दुखणे होते.

कळ दोघींना सारखीच येत असेल. पण श्रीनगरच्या त्या बाईचा रस्ता आक्रसत होता, आणि माझ्या भाचीचा नाही. हा भेद समजायला मला चार रात्री लागल्या. भाचीला तो दोन मिनिटांत कोणी समजावला असता, तर तिच्या चार रात्री झोपेच्या गेल्या असत्या.

या सांध्याची अजून एक गोष्ट आहे, आणि ती वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. आयर्लंड. १९४० नंतरच्या दशकांत, सिझर सुरक्षित झालेले असताना, तिथल्या काही इस्पितळांनी सिगोची जुनी शस्त्रक्रिया पुन्हा सुरू केली. कारण? वारंवार सिझर झाले तर पुढे मुले थांबवावी लागतील, आणि कॅथलिक देशात ते नको. १९८० च्या दशकापर्यंत सुमारे १,५०० बायकांचा हा सांधा कापला गेला. कित्येकींना काय केले हे सांगितलेही नाही. आयुष्यभर कंबरदुखी, लंगडणे, लघवीवर ताबा नसणे. आणि पुढे म्हातारपणी कागदपत्रे मागवल्यावर कळले की आपले हाड फाकवले होते. २०१४ मध्ये तिथल्या सरकारने भरपाईची योजना काढली. पैसे मिळाले, पण जबाबदारी कोणी मान्य करायची यावरून त्या बायकांचे समाधान झाले नाही.

तिथे धर्मापायी सिझर टाळले. आपल्याकडे वारे उलटे वाहते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या शंभर बाळंतपणांपैकी जवळजवळ चाळीस सिझरने झालेली दिसतात. साऱ्या देशाचा आकडा एकवीस-बावीस. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये म्हटले की एखाद्या समाजात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्याने माता-बालमृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. अर्थात संघटनेने हेही बजावले की आकडा गाठणे महत्त्वाचे नाही, जिला गरज आहे तिला सिझर मिळणे महत्त्वाचे. मादाम सुशोला आजचे सिझर मिळाले असते तर ती नीट चालत घरी गेली असती.

मग सांधेदुखीसाठी सिझर? २०१३ मध्ये नॉर्वेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणी हे दुखणे असलेल्या दहा हजारांहून अधिक बायकांचा. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी तीव्र दुखणे टिकून राहण्याचे प्रमाण ठरवून सिझर केलेल्यांत नैसर्गिक बाळंतपणापेक्षा कमी नव्हते, उलट जास्त होते. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांचा सल्लाही असाच : या दुखण्यासाठी सिझरचा फायदा दिसत नाही, बहुतेकींचे बाळंतपण नैसर्गिक होऊ शकते. एखादीला मात्र हलताच येत नसेल, तर तिने आणि डॉक्टरांनी बसून ठरवावे.

हे सगळे मी भाचीला सांगितले आणि म्हटले, दुसऱ्या डॉक्टरांना विचार. त्या दुसऱ्या बाईंनी तिला तपासले. तिने झोपून, न दुखता गुडघे किती फाकवता येतात ते टेपने मोजून घेतले आणि फाइलवर लिहिले. कळांच्या वेळी डाव्या कुशीवर किंवा हात-गुडघ्यांवर राहायचे, पाय ओढायचे नाहीत. कळ मारणारे इंजेक्शन घेतलेच तर ते मोजलेले अंतर अधिकच जपायचे, कारण तेव्हा दुखणे सांगायला दुखणेच नसते. फिजिओथेरपी, पोटाला पट्टा, दोन गुडघ्यांमध्ये उशी. दुखणे गेले नाही, पण तिची भीती गेली.

नवव्या महिन्यात कळा आल्या. आठ तास सगळे ठरल्याप्रमाणे चालले. मग बाळाचे ठोके उतरू लागले. डॉक्टरीणबाई तिच्या उशाशी आल्या, मशीनवरची रेघ तिला दाखवली, आणि म्हणाल्या, "आता सिझर करायला हवं असं मला वाटतं. का, ते सांगते." भाचीने ऐकले आणि "करा" म्हणाली.

बहीण म्हणाली, "बघ, शेवटी सिझरच झालं ना!" सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. भाची मात्र हसली. "आई, हाड दुखतं म्हणून नाही झालं गं ते. बाळासाठी झालं. आणि मला विचारून झालं."

सांध्याचे दुखणे पुढे तीन-साडेतीन महिने रेंगाळले आणि मग गेले. मुलगी आता रांगते. तिच्या बारशाला कोणीतरी नेहमीप्रमाणे मला विचारले, "सुटका नॉर्मल झाली की सिझर?" मी म्हटले, "सुटका झाली."